बॅरल बदलायच्या आधी: एअर रायफल घरी तपासायची आणि टेस्ट करायची कशी

दिवाळीनंतर पुतण्याचा कोल्हापूरहून फोन आला, "काका, बॅरल गेलंय बघा. नवीन केवढ्याला पडेल?" महिनाभरापूर्वी पोरगा साठ शॉटला ६१२-६१४ मारत होता आणि अचानक ५९८ वर आला, कोच म्हणाला ग्रुप उघडलाय, म्हणजे शॉट एका जागी न पडता पसरतायत, कुणीतरी म्हणालं बॅरल घासलं असणार, झालं, घरात नव्या बॅरलच्या पैशांची चर्चा सुरू. मी म्हटलं बाबा आधी एसटीत बस, रायफल घेऊन पुण्याला ये, पैशाचं नंतर बघू.

मी गेली बरीच वर्षं १० मीटर एअर रायफल मारतो, मोठा शूटर वगैरे नाही, पण रायफल उघडून बघायची खाज आधीपासून आहे आणि त्यामुळे क्लबातली पोरं "जरा बघता का" म्हणून माझ्याकडे येतात. एवढ्या वर्षांत खरंच बॅरल खराब झालेली रायफल मी एकदाच बघितली, ती पण पावसाळ्यात ओल्या पिशवीत दोन महिने पडून गंजलेली होती. बाकी प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी निघालं. कारण साधं आहे, पेलेट मऊ शिशाचं, वजन साधारण ०.५३ ग्रॅम, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, आत दारू जळत नाही, उष्णता नाही, गरम गॅस नाही, त्यामुळे स्टीलच्या बॅरलला घासायला काही कारणच नसतं. दारूच्या बंदुकीचं बॅरल झिजतं ते मुख्यतः उष्णतेने आणि गॅसने, तो हिशोब आपल्याला लावायचा नाही.

आता पुढे जायच्या आधी एक गोष्ट, कारण हे लोक नक्की विचारतात. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्याकडे पालक थेट पॉइंट टू टू बद्दल, म्हणजे .२२ च्या दारूच्या रायफलीबद्दल, विचारायला लागलेत, आणि काही पोरं इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतात, गॅरेजमध्ये माणूस लष्करी दिसणाऱ्या रायफलचं बॅरल काढतोय, नवीन बसवतोय, मागच्या अंगणात टेस्ट फायर करतोय. इथे ते करायचं नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ मध्ये नुसती बंदूक बनवणं नाही तर दुरुस्ती, बदल आणि टेस्ट करणं हे सगळं लायसन्सखाली येतं, आणि तुमच्याकडे बंदूक बाळगायचं लायसन्स आहे म्हणजे तिचं बॅरल घरी बदलायचं लायसन्स आहे असं होत नाही. पॉइंट टू टू चं काहीही काम असेल तर लायसन्सवाल्या आर्मररकडे, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे, जायचं आणि टेस्ट रेंजवर करायची, विषय संपला. मी पुढे जे लिहितोय ते फक्त ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या मॅच एअर रायफलचं आहे. मॅच रायफल साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे लायसन्स न लागण्याच्या मर्यादेच्या खूप आत. आणि ती तशीच ठेवायची, "पॉवर वाढवून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात रायफल देऊ नका, त्याने स्कोअर वाढत नाही, कमी होतो.

जागा. १० मीटर सरळ जागा फ्लॅटमध्ये मिळणं म्हणजे लॉटरीच, आमच्याकडे बेडरूमच्या खिडकीपासून हॉल ओलांडून किचनच्या भिंतीपर्यंत मोजलं तर नऊ मीटर वीस भरतं, ड्रायला, म्हणजे पेलेट न मारता सरावाला, चालतं पण टेस्टला मला पूर्ण १० लागतात म्हणून मी गच्चीवरची बंद खोली वापरतो, सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून. उघड्या गच्चीवर करू नका, वारा लागतो हे एक आणि शेजारच्या बिल्डिंगमधून कुणी बघितलं की पोलीस येतात हे दुसरं, आणि ते येतात ते बरोबरच आहे. टार्गेटच्या मागे भिंत हवी, दार किंवा खिडकी अजिबात नको. टार्गेटच्या बाजूने आत यायला दार असेल तर आतून कडी लावायची, नुसतं "इकडे येऊ नका" म्हणून ओरडून भागत नाही, घरात पोरं असतात, मांजर असतं, धुणं वाळत घालायला येणाऱ्या मावशी असतात.

पेलेट ट्रॅप विकत मिळतो, मागे तिरका पत्रा असतो आणि पेलेट आपटून खाली पेटीत पडतं. सरळ उभा जाड पत्रा लावला तर शिसं परत उडून येतं, म्हणून तिरका. माझा पहिला ट्रॅप घरचाच होता, जुना लाकडी खोका आणि आत ठासून भरलेले जुने सुती कपडे, मागे प्लाय, त्याच्यामागे भिंत, महिनाभर छान चालला, मग एका जागी भोक पडून प्लायला लागायला लागलं कारण चांगला ग्रुप म्हणजे सगळी पेलेट एकाच जागी. तेव्हा घरचा ट्रॅप असेल तर प्रत्येक वेळी आधी उघडून बघायचा आणि कपडे हलवायचे. डोळ्याला चष्मा, बघायला उभं राहणाऱ्याला पण. शिसं विषारी असतं हे विसरू नका, हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-बिस्कीट नाही, ट्रॅपजवळची धूळ झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं फेकून द्यायचं. पेलेट तोंडात धरायची सवय काही जुन्या लोकांना आहे, नका करू.

टार्गेट कार्डच्या मध्याची उंची मॅचमध्ये जमिनीपासून १.४ मीटर असते, पण आपण टेबलावरून टेस्ट करणार आहोत म्हणून ती तेवढी महत्त्वाची नाही, उजेड महत्त्वाचा. मॅचमध्ये टार्गेटवर किमान १५०० लक्स लागतो, घरी एक एलईडी फोकस टार्गेटवर बाजूने मारला आणि खोलीतला दिवा चालू ठेवला की काम होतं. साध्या वहीच्या कागदावर टेस्ट करू नका, भोक फाटतं आणि मापता येत नाही. मॅच पेलेटचं डोकं सपाट असतं ते त्यासाठीच, चांगल्या कार्डावर पंचने पाडल्यासारखं गोल भोक पडतं.

रायफल हातात घेतली की पहिली गोष्ट, बोल्ट किंवा लिव्हर उघडा, आत पेलेट नाही बघा, सेफ्टी फ्लॅग म्हणजे ती केशरी दोरी बॅरलमधून पूर्ण आरपार घाला. ती दोरी ब्रीचमधून, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडातून, आणि पुढून दोन्हीकडून दिसली म्हणजे आत काही अडकलेलं नाही हे पण कळतं. मग हवेचं सिलिंडर काढा. स्क्रू तपासताना, साफ करताना सिलिंडर लावलेलं नको.

आता स्क्रू, आणि इथेच वेळ घालवायचा. सरासरी माणूस बॅरल, पेलेट, रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) या मोठ्या नावांवर संशय घेतो आणि दोन मिलिमीटरच्या ॲलन स्क्रूकडे बघत पण नाही. ॲक्शन (बॅरल-ट्रिगरचा भाग) स्टॉकला (रायफलच्या दांड्याला) धरणारे स्क्रू किती घट्ट करायचे ते मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं, टॉर्क की क्लबात कुणाकडे तरी असतेच, मागून आणा, अंदाजाने पिळू नका, ॲल्युमिनियमच्या स्टॉकचे आटे गेले की मग खरा खर्च. मागची साइट रेलवर जिथे चिमटा धरते तिथे, पुढच्या साइटचा टनेल, टनेल ज्या नळीवर बसतो ती नळी, बॅरलवर वजनं लावली असतील तर ती, गालाखालचा चीक पीस, खांद्याला टेकणारी बट प्लेट, सगळीकडे. मी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढतो, बायकोची लाल, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. दोन मिनिटांचं काम आणि पुढची दोन वर्षं नुसतं बघून कळतं.

साइट हलणं हे किती वाईट असतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण अभिनव बिंद्राचं. २००८, बीजिंग, १० मीटर एअर रायफलची फायनल, आणि फायनलच्या आधीच्या सायटिंगमध्ये, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटमध्ये, त्याला कळलं की आपली साइट बिघडलेली आहे, शॉट भलतीकडे. त्याने क्लिक मारून ती परत आणली आणि शेवटचा शॉट १०.८ मारून ७००.५ वर गोल्ड घेतलं. आपण बिंद्रा नाही म्हणून आपल्याला तीन आठवडे लागतात.

मग हवा. सिलिंडर २०० बारचं असतं, गेजवर रात्री झोपताना काटा कुठे आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा, सकाळी परत बघा. काटा खाली आला असेल तर कुठेतरी लीक, साबणाचं पाणी ब्रशने लावलं की बुडबुडा येतो आणि जागा कळते. साधारण ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं गोल रबरी कडं असतं, पाच-दहा रुपयांची वस्तू, पण साइज आणि मटेरियल बरोबर हवं म्हणून कंपनीच्या किटमधलीच घाला. लावताना फक्त सिलिकॉन ग्रीस. गाडीचं ग्रीस, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, डब्ल्यूडी फॉर्टी, यातलं काहीही हवेच्या बाजूला लावायचं नाही, दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. आणि कधीही, म्हणजे कधीही, मेडिकलवाल्या ऑक्सिजनच्या बाटलीतून सिलिंडर भरायचं नाही, फक्त स्वच्छ कोरडी हवा. मोठ्या टाकीतून भरताना व्हॉल्व्ह केसभर उघडायचा, दोन-तीन मिनिटं लागू देत, घाईत भरलं की सिलिंडर गरम होतं आणि थंड झाल्यावर काटा उतरतो, मग लोकांना वाटतं लीक आहे. सिलिंडरवर बनवल्याचा महिना-वर्ष कोरलेलं असतं, १० वर्षं झाली की ते बाद करायचं, चालतंय तर चालू दे असा विचार तिथे नको. सिलिंडर आणि रेग्युलेटर घरी खोलायचा नाही. ओ-रिंग बाहेरची वेगळी आणि आतलं वेगळं.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात पंपाने भरणाऱ्यांनी जास्त काळजी घ्या, हवेबरोबर पाणी आत जातं. पंपाला कोरडं करणारा फिल्टर लावा नाहीतर जून ते सप्टेंबर क्लबच्या टाकीवर भरा.

आता बॅरल साफ करणं, ज्यावर दोन शूटर एकत्र आले की तीन मतं होतात. कुणी म्हणतं दर ५०० पेलेटनंतर, कुणी वर्षातून एकदा, माझ्या ओळखीचे एक काका कधीच करत नाहीत आणि माझ्यापेक्षा चांगलं मारतात. माझं म्हणणं, ग्रुप उघडला असेल तर एकदा करा, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी. लोखंडी किंवा पितळी ब्रश आत घालायचा नाही, दारूच्या बंदुकीसाठी असतात ते. मऊ नायलॉनच्या दोरीला छोटं सुती फडकं किंवा फेल्टचा तुकडा लावायचा, दोरी ब्रीचकडून घालून पुढून ओढायची, नेहमी मागून पुढे, आणि बाहेर काढताना दोरी सरळ ठेवायची, बॅरलच्या तोंडावर घासू द्यायची नाही. पहिल्या फडक्यावर बंदुकीच्या बॅरलसाठीच्या तेलाचे दोन थेंब, पाचवं-सहावं फडकं कोरडं आणि जवळजवळ पांढरं येईपर्यंत. तेल जास्त झालं तर पुढची पन्नास पेलेट कुठेही जातात. साफ केल्यावर पहिली १५-२० पेलेट मोजायचीच नाहीत, बॅरलला परत शिशाचा पातळ थर बसू द्यायचा, त्याच्या आधी "साफ केल्यावर अजून बिघडलं" म्हणून फोन करू नका.

बॅरलच्या तोंडाशी, जिथे पेलेट बाहेर पडतं तिथे, मॅच रायफलला एक छोटा शंकूसारखा भाग असतो, एअर स्ट्रिपर म्हणतात, तो पेलेटच्या मागची हवा बाजूला फेकतो. त्याच्या आतल्या बाजूला शिशाची काळी पूड जमते. एका बाजूला जास्त जमली तर हवा वाकडी जाते. कानात घालायच्या कापसाच्या काडीने पुसा, किती काळं निघतं ते बघून आश्चर्य वाटेल. तो काढता येत असेल तर काढा आणि बॅरलचं मूळ तोंड बघा, कोरडी कापसाची काडी त्याच्या कडेवरून हलकी गोल फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे खरवड आहे, रायफल कुठेतरी आपटलीये. अशी खरवड दिसली तर कानस, पॉलिश पेपर, ड्रिलचा खडा यातलं काहीही हातात घेऊ नका, यूट्यूबवर काहीही दाखवू देत. ते काम सर्व्हिस सेंटरला लेथवर होतं, आणि ही एक जागा आहे जिथे घरचा उपाय खरंच बॅरल घालवतो.

पुतण्याच्या रायफलीचं इथपर्यंत सगळं केलं. बॅरल चकचकीत, तोंड स्वच्छ, सिलिंडर तीन वर्षांचं, काटा रात्रभर जागचा हलला नाही. स्क्रू मीच तपासले, घट्ट. आता टेस्ट.

टेस्ट म्हणजे आपला हात, श्वास, मूड हे सगळं बाजूला काढून फक्त रायफल आणि पेलेट काय करतात ते बघणं. क्लबात मशीन व्हाइस असेल, रायफल पकडून मारायचा शिकंजा, तर उत्तमच. घरी जड टेबल, शक्यतो जेवणाचं नाही कारण शिसं, त्याच्यावर जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्हीकडे शिवून वाळूने भरलेल्या दोन पिशव्या. एक फोर-एंडखाली म्हणजे स्टॉकच्या पुढच्या भागाखाली, एक बटखाली म्हणजे मागच्या टोकाखाली. बॅरल पिशवीवर टेकवायचं नाही, नेहमी स्टॉक टेकवायचा. वाळू चाळून कोरडी करून भरा, माझ्या पहिल्या पिशवीत मुंग्यांचं वारूळ झालं होतं.

माझी आवडती युक्ती म्हणजे टेस्टसाठी साध्या साइट काढून वर स्कोप लावायचा. मॅच रायफलला ११ मिलिमीटरची रेल असते, त्यावर साधा एअरगनचा स्कोप बसतो, कुणाकडून दोन दिवस मागून आणा, फक्त १० मीटरवर फोकस होतो का ते आधी बघा, लांबच्यासाठी बनवलेल्या स्कोपमध्ये एवढ्या जवळचं धूसर दिसतं. स्कोपने नेम धरायची चूक जवळजवळ नाहीशी होते, मग जे दिसेल ते बॅरल आणि पेलेटचं.

पेलेट चार-पाच प्रकारची घ्या, सगळे पूर्ण डबे विकत घेऊ नका, मित्रांकडून पन्नास-पन्नास मागा. आरडब्ल्यूएस आर टेन, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी, जे क्लबात सहज मिळतं ते. एकाच कंपनीत पण डोक्याचा साइज ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगळा असतो आणि एकाच साइजमध्ये लॉट वेगळा असतो, डब्याच्या मागे नंबर छापलेला असतो तो लिहून ठेवा. बॅरलला कुठलं आवडेल हे वजनकाट्यावर कळत नाही, मारूनच कळतं. मी एका हिवाळ्यात सोनाराचा काटा आणून हजार पेलेट वजनाप्रमाणे वेगळी केली होती, स्कोअर तेवढाच राहिला, डोळे गेले. तळाची स्कर्ट दबलेली, चेपलेली पेलेट मात्र बघून बाजूला काढा, आणि डबा खाली पडला असेल तर तो डबा सरावाला.

पेलेट बदललं की पहिली दहा फुकट मारायची, बॅरल नव्या शिशाला सरावतं. मग दहा शॉटचा एक ग्रुप. पाच शॉटचे ग्रुप मारू नका, पाचात नशीब खूप चालतं, वाईट पेलेट पण कधी कधी पाच एका भोकात घालतं आणि तुम्ही दहा डबे घेऊन बसता. प्रत्येक पेलेटचे दहा-दहाचे तीन ग्रुप, पण सलग नाही, पहिल्याचा एक, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा एक आणि परत पहिल्यापासून, म्हणजे तुम्ही थकलात किंवा प्रेशर उतरलं तर त्याचा तोटा सगळ्यांना सारखा होतो. काटा १०० बारच्या खाली गेला की थांबून भरून घ्या. कार्डावर पेन्सिलीने लगेच लिहा कुठलं पेलेट, कितवा ग्रुप, "लक्षात राहील" असं म्हणू नका, वीस कार्डांनंतर नाही राहत.

मापायचं कसं, व्हर्निअर घ्या, ग्रुपच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून ४.५ वजा करा, आलं ते केंद्र ते केंद्र. आता याचा स्कोअरशी संबंध. कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेलेट ४.५ चं, म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकलं तरी कड ठिपक्याला शिवते आणि १०.० मिळतात. त्यापुढे आत सरकाल तसा दर पाव मिलिमीटरला एक दशांश. म्हणजे केंद्र ते केंद्र ग्रुप पाच मिलिमीटरच्या आत बसत असेल आणि साइट बरोबर मध्यावर असेल तर रायफल सगळे टेन मारू शकते, बाकी तुमच्यावर. चांगली रायफल आणि आवडतं पेलेट यांचा ग्रुप याच्या बराच आत येतो, बघायला एकच थोडं मोठं भोक दिसतं. सगळ्याच पेलेटने सात-आठ मिलिमीटर येत असेल तर मात्र रायफलीत काहीतरी आहे.

क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र, मिळाला तर वेग पण मोजा, तोंडापासून साधारण मीटरभर पुढे ठेवा आणि मधून सरळ मारा, आमच्या क्लबात एक जण क्रोनोग्राफलाच गोळी घालून बसलाय. वेगाचा आकडा किती याच्यापेक्षा दहा शॉटमध्ये तो किती हलतो ते बघायचं, दोन-तीन मीटरचा फरक ठीक, दहाचा असेल तर रेग्युलेटर. एक खास लक्षण लक्षात ठेवा, रायफल तासभर पडून राहिल्यावर पहिला शॉट जोरात आणि वर, नंतरचे नॉर्मल, हा रेग्युलेटरमधून हवा हळूहळू सरकण्याचा प्रकार, आणि तो सर्व्हिस सेंटरला दाखवायचा. २०२१ ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं आणि बराच वेळ गेला, तेव्हापासून आमच्या कोचनी मॅचच्या महिनाभर आधी अशी तपासणी सक्तीची केली.

पुतण्याकडे परत. स्कोप लावून त्याचंच रोजचं पेलेट, त्याचीच रायफल, पिशवीवरून मी मारलं, तीन ग्रुप, सगळे पाचाच्या आत, एक तर साडेतीन. पोरगा गप्प. बॅरल गेलेलं असतं तर हे झालंच नसतं. मग स्कोप काढला, त्याच्या साइट परत लावल्या, त्याच पिशवीवरून दहा मारले, अकरा मिलिमीटर आणि सगळे आडवे पसरलेले, वर-खाली जवळजवळ काहीच नाही. आडवे पसरलेले म्हणजे काहीतरी डावी-उजवीकडे हलतंय. मागची साइट पकडून हलवली, घट्ट. पुढचा टनेल, घट्ट, नेलपॉलिश पण जागेवर. आणि मग मी टनेलच्या मागची ती लांब नळी, साइट रेडियस म्हणजे दोन साइटमधलं अंतर वाढवायला लावतात ती, मुठीत धरून पिळली तर केसभर फिरली. टनेलचा स्क्रू घट्ट होता पण नळीला बॅरलवर धरणारा स्क्रू आत खोलात असतो, तो मी तपासलाच नव्हता, फक्त वरचा बघून पुढे गेलो होतो. म्हणून आता सांगतो, स्क्रूला की लावून बघणं पुरेसं नाही, प्रत्येक भाग हातात धरून पिळून बघा. नळी काढली, आत तेलाचा थर होता, पुसून कोरडी केली, परत बसवली, ग्रुप चारावर आला. पोराला तेल कुणी घातलं विचारलं तर म्हणे "गंज नको म्हणून मीच मारलेलं की."

समजा रायफलने टेस्टमध्ये सगळं ठीक दाखवलं, पेलेट बरोबर, साइट बरोबर, तरी उभं राहून ग्रुप मोठाच येतोय, तर ती रायफल तुमच्याएवढ्याच लेव्हलच्या दुसऱ्याला द्या आणि त्याची तुम्ही घ्या, दोघांनी वीस-वीस मारा. तुमची रायफल त्याच्या हातात टेन मारत असेल तर कोचशी बोला, सर्व्हिस सेंटरशी नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं.

स्प्रिंगवाली रायफल असणाऱ्यांसाठी थोडंसं, कारण सुरुवात बरेच जण तिच्यावर करतात. त्यात सिलिंडर-रेग्युलेटर नाही, पण बॅरल खाली वाकवून भरायची असेल तर सांध्यात ढिलेपणा येतो, बॅरल बंद करून हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघा, हललं तर ग्रुप कधीच येणार नाही, सांध्याचा बोल्ट आवळून घ्या. भरताना बॅरल एका हाताने घट्ट धरूनच पेलेट घाला, चुकून ट्रिगर पडला तर बॅरल झटक्याने बंद होतं आणि बोटं जातात. रिकामी झाडू नका, पिस्टन आत आपटतो. आणि स्प्रिंग बदलायला ती घरी स्क्रू ड्रायव्हरने उघडायची नाही, आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते, खास प्रेसशिवाय सुटली तर तोंडावर येते.

आता ज्याचं बॅरल खरंच गेलंय त्याचं. म्हणजे साफ केलं, स्क्रू झाले, चार प्रकारची पेलेट स्कोपने पिशवीवरून मारली, वेग एकसारखा, आणि तरी सगळे ग्रुप आठ-नऊ. किंवा आत टॉर्च मारून बघितलं तर गंजाचे खड्डे दिसतात. मॅच रायफलचं बॅरल तसं दोन-चार स्क्रूंवरच असतं आणि काढावंसं वाटतं, पण ब्रीचपाशी सील असतं, बॅरल किती आत जातं त्यावर पेलेट कुठे बसतं ते ठरतं, आणि ते घरी मापता येत नाही. म्हणून कंपनीच्या सर्व्हिसला पाठवायचं. पाठवताना ती सगळी मार्क केलेली कार्डं आणि वेगाचे आकडे सोबत द्या, नाहीतर तिथला माणूस पण आधी तुमचं पेलेटच बदलायला सांगेल. सिलिंडर काढून, रिकामं करून वेगळं ठेवा, कुरिअरला भरलेलं सिलिंडर द्यायचं नाही आणि विमानात तर नाहीच. परत येताना फॅक्टरीचं टेस्ट कार्ड मागून घ्या, बहुतेक जण देतात, त्यावर एक गोल भोक आणि कुठल्या पेलेटने मारलं ते असतं.

नवीन बॅरल आल्यावर लगेच मॅचला जाऊ नका. दोन-तीनशे पेलेट साधी मारा, मग वरची पेलेटची टेस्ट पहिल्यापासून परत करा, दहा-दहाचे तीन ग्रुप, तसेच. जुन्या बॅरलला जे पेलेट आवडायचं ते नव्याला आवडेलच असं नाही, माझ्या ओळखीच्या एका मुलीकडे जुन्या लॉटचे चौदा डबे पडून होते आणि नव्या बॅरलमध्ये ते सगळ्यात वाईट निघाले. तिने ते क्लबातल्या नवीन पोरांना सरावाला देऊन टाकले.